आमनं नाव कोठे शे?

देवपुरातून धुळ्याच्या जुन्या पेठेत जायचे तर पांझरा ओलांडावी लागते. नगररचनेच्या कामासाठी मी ती असंख्य वेळा ओलांडली. पलीकडे आग्रा रोड, पाच कंदील आणि नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. एका पावसाळ्यात तिथल्या एका ओट्यावर मोजणीचा नकाशा पसरून बसलो होतो. माडीवर भाड्याने राहणाऱ्या एक आजी खाली आल्या, नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्या नकाशामा घर शे, पन आमनं नाव कोठे शे?"

मी कागद चाळले. मिळकतीचा क्रमांक होता, मिळकत पत्रिकेवर मालकाचे नाव होते. त्या घरात हयात काढलेल्या बाईची नोंद कुठेच नव्हती.

जुन्या पेठेसाठी वेगळे पुनर्विकास प्राधिकरण हवे की नको, हा वाद निघाला की मला हाच प्रश्न आठवतो. हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पेठेतली घरे अरुंद आणि खोल, दोन घरांत एकच सामायिक भिंत. एक घर उतरवले की शेजारच्याला तडे जातात, म्हणून एकट्याने बांधणे अवघड. भाडे नाममात्र, त्यामुळे मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू करू शकत नाही. महापालिका आपल्या अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस बजावते. ती नोटीस घर सोडायला सांगते, पण जायचे कुठे हे सांगत नाही. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आले आणि आज ते म्हाडाचा भाग आहे. धुळे-जळगावच्या जुन्या घरांना असा वाली नाही.

नको म्हणणाऱ्यांची भीतीही तितकीच खरी आहे, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याची कामगिरी मोठीच. पण नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्यावर उठवलेली गरीब माणसे आसपासच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आला. एका शहरात नियोजनाच्या दोन सत्ता कशाला, या वादातून २०१६ च्या अखेरीस तो बरखास्त करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, पुढच्या सरकारने तो फिरवला. ज्याला आपण निवडून देतो त्याच्याकडे अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला आपण निवडत नाही, ही नागपूरकरांची तक्रार मला कधीच गैरवाजवी वाटली नाही.

त्यात आमच्या गावांचे गणित वेगळे. मुंबईत पुनर्विकासाचा खर्च वाढीव चटईक्षेत्र विकून निघतो. जागेचा भाव आभाळाला भिडलेला असेल तरच मूळ रहिवाशाला फुकट घर देऊन विकासकाच्या हाती काही उरते. धुळ्यात तो भाव नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीच्या तरतुदी आहेत. पण चटईक्षेत्र कागदावर कितीही वाढवले, तरी ते घ्यायला गिऱ्हाईक लागते. अशा ठिकाणी सगळी पेठ एकदम पाडली, तर ती वर्षानुवर्षे पत्र्याच्या कुंपणामागे पडून राहील.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि इथल्या कितीतरी शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. जुन्या वस्तीत पायी फिरा, आधी रहिवाशांना ओळखा, अगदी पडायला आलेले तेवढेच काढा, असा त्यांचा आग्रह. हे आमच्या गावाला मानवणारे औषध आहे.

शिवाय धुळ्याचा स्वतःचा अनुभव आहे. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ मध्ये खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले, तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. त्याने घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि बांधकामासाठी पैसे उचल दिले, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून आलेल्यांनाही. सत्ता परकी होती, तरी राहणाऱ्याच्या हाती जागा आणि भांडवल आले म्हणून पेठ उभी राहिली.

त्याहून जुना धडा पांझरेच्या पाण्यात आहे. या खोऱ्यातली फड पद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्यातून पाट निघतो, शेताचे फड पडतात, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी मिळून ठरवतात. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, दोघांचा मेहनताना शेतकरीच भरतात. पाणी कमी पडले तर भिजणारे क्षेत्र सगळ्यांचेच कमी होते. नियम कडक, पण तो करणारे आणि पाळणारे एकाच पाटावरचे.

पेठेसाठी मला असाच गल्लीचा फड हवा आहे. चार-पाच लागून असलेली घरे एकत्र यावीत. मालक, भाडेकरू, दुकानदार आणि ओट्यावर बसणारा विक्रेता यांचे मंडळ असावे. महापालिकेने त्याला अभियंता आणि कमी व्याजाचे कर्ज द्यावे, सामायिक भिंतीची जबाबदारी आधी लेखी ठरवावी आणि बांधकाम होईपर्यंतची तात्पुरती जागा पेठेतच द्यावी, कारण कारागिराचे गिऱ्हाईक पेठेबाहेर त्याच्यामागे जात नाही. प्राधिकरण नेमायचेच असेल तर ते निवडून आलेल्या सभागृहाला बांधील आणि ठरावीक मुदतीचे असावे. पाडकामाचा पहिला घाव पडण्याआधी प्रत्येक राहणाऱ्याची नोंद गल्लीत जाहीर वाचली जावी.

आजींच्या त्या प्रश्नानंतर मी माझ्या पाहणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: राहणाऱ्याचे नाव. पुढच्याच वाड्यात एका मालकाच्या नावाखाली सात चुली निघाल्या. तोवर माझ्या कागदावर ते एकच घर होते.