थोरल्या पातीचा सेन्सर

डेट्रॉईटच्या पोटात मीठ आहे. शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, आणि तिथलं मीठ हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर पडतं. बर्फ वितळतो, चाकं घसरत नाहीत, पण गाड्या खालून गंजत जातात. आमच्या २००६च्या व्ही-सिक्स गाडीने असे कितीतरी हिवाळे काढलेत. मार्चच्या शेवटी तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

अमेरिकेत १९९६पासूनच्या मोटारींमध्ये स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटासा रीडर लावला की गाडी आपली तक्रार सांगते. आमची म्हणाली: पी०१३५. बँक १चा पहिला ऑक्सिजन सेन्सर, त्याच्या हीटरचं सर्किट. गॅरेजवाल्याने चारशे डॉलर सांगितले. नुसता सेन्सर त्याच्या पाव किमतीत मिळत होता. पैसे वाचवायचे होतेच, पण त्याहून जास्त, मी पीथमपूरच्या फिटरची मुलगी आहे.

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला लोक भारताचं डेट्रॉईट म्हणतात. आयशर-मित्सुबिशीचे ट्रक आणि किनेटिक होंडाच्या स्कूटर तिथे तयार झाल्या. बाबांची सगळी नोकरी त्याच पट्ट्यात, डिझेल इंजिनांवर गेली. त्या इंजिनांना सेन्सर नव्हते. बाबा सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसायचे आणि धूर बघून निदान करायचे. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असून गोडसर वास आला तर कूलंट आत शिरतंय.

ऑक्सिजन सेन्सर हेच काम करतो, धूर डोळ्यांना दिसण्याच्या खूप आधी. त्याच्या टोकाला झिर्कोनियाचा लहानसा तुकडा असतो. तो तीनशेएक अंश तापला की बाहेरची हवा आणि आतला धूर यांच्यातल्या ऑक्सिजनचा फरक एका व्होल्टहून कमी दाबात सांगतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉशचा असा सेन्सर १९७६मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला. हीटर नंतर जोडला, थंड इंजिनातही त्याला लवकर जाग यावी म्हणून.

शनिवारी सकाळी धारला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ होती.

“कोड म्हणतो म्हणून बदलू नको, बेटा. पहले फ्यूज बघ, मग तार बघ.”

हे मला फार मोलाचं वाटतं. तक्रार कुठून आली एवढंच कोड सांगतो. इथे मी कितीजणांना पाहिलंय, कोड वाचला की सेन्सर मागवतात, आणि आठवड्यात दिवा पुन्हा लागतो, कारण बिघाड उंदराने कुरतडलेल्या तारेत असतो. फ्यूज चांगला निघाला. तारा शाबूत होत्या. कनेक्टर सोडवून हीटरच्या एकाच रंगाच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला. तिथे काही ओहम दिसायला हवे होते, दिसलं ओपन सर्किट. “आता बदल,” बाबा म्हणाले.

मागून आईचा आवाज आला, “थोरली की धाकटी?”

आईचं माहेर देवास. तिथे एकाच गावात पवारांची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, १९४८मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत. व्ही-सिक्समध्ये सिलिंडरांच्या दोन रांगा, म्हणजे दोन बँका असतात हे मी तिला आधी सांगितलं होतं, तेव्हापासून ती अशीच विचारते. पहिला सिलिंडर ज्या रांगेत ती बँक १, म्हणजे थोरली. आमच्या गाडीत ती मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून आहे. हात पोचतो ती पुढची धाकटी. सोपं दिसतं म्हणून पुढचा सेन्सर काढला असता तर चांगला गेला असता आणि वाईट तसाच राहिला असता.

गाडी स्टँडवर चढवून आदल्या रात्रीच सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवलं, कोमट लोखंड जरा ढिलं पडतं. मग तारेसाठी चीर असलेला बावीसचा सॉकेट लावला आणि लांब दांड्याने जोर दिला. काही हललं नाही. गंजाचे पापुद्रे तेवढे गालावर पडले.

मला धारच्या लाट मशिदीतला लोहस्तंभ आठवला. तीन तुकड्यांत पडलेला, भोजराजाच्या काळातला मानतात. लहानपणी पावसाळ्यात त्याच्यावर हात फिरवायचो. इतक्या शतकांच्या पावसात तो उरला, आणि इथे माझ्या हातात वीस वर्षंही न झालेलं लोखंड भुगा होत होतं.

“जोर नको लावू. आधी किंचित आवळ, मग सोड.”

मी किंचित आवळलं. पुन्हा तेल मारलं, थांबले, उलट फिरवलं. करकर करत सेन्सर एक अष्टमांश फिरला, मग पाव. पाऊण तास लागला. आटे शाबूत होते. नवा सेन्सर टोकाला बोट न लावता धरला, पहिले चार आटे हातानेच फिरवले, वाकडा बसू नये म्हणून, आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळला. कोड पुसला.

रविवारी सकाळी थंड इंजिन सुरू केलं. दिवा लागला नाही. फोन सायलेन्सरच्या तोंडाशी धरला तर पांढरा लोट निघत होता, आणि माझ्या छातीत धस्स झालं. बाबा स्क्रीनजवळ आले, बराच वेळ बघत राहिले.

“वास घे.”

मी उकिडवी बसले. कसलाच वास नव्हता.

“वाफ आहे ती. तिकडे थंडी आहे ना. पाच मिनिटांत जाईल.”

चौथ्या मिनिटाला ती गेली. धाकट्या पातीचा सेन्सरही तितकाच जुना आहे. तो मागवलाय.