बत्तीस कलमी सहल

आमच्या घरात सहलीची व्यवस्था माझ्याकडे असते. पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कागदावर उभ्या रेघा मारल्याशिवाय मला विचार करता येत नाही, आणि रेघा मारलेला कागद पाहिला की घरातली मंडळी आपण होऊन गप्प बसतात. ह्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षे संमती समजत आलो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, डोंबिवलीहून तोंडवलीला आली होती. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दोन्ही रुसलेले. तोंडवली हे आमचे मूळ गाव. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मध्ये माडासुरूंची निमुळती पट्टी. तिचे टोक म्हणजे तळाशील. 1963 च्या मे महिन्यात आक्काला मसुऱ्याला दिली, ती ह्याच खाडीतून, होडीने. रात्री जेवणे झाल्यावर ती पडवीत पाय चोळीत बसली होती. म्हणाली, "एकदा पाण्यातसून मसुऱ्याक जावचा हा."

आता मसुऱ्याला मोटार दारातून निघते आणि दारात उभी राहते. पण आक्काने गेल्या वीस वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. मी उठलो आणि पट्टी-पेन्सिल शोधू लागलो.

एक कबुली आधीच देतो. नदीतल्या पर्यटनाचा मला नाद आहे. जानेवारी 2023 मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या 'गंगा विलास' ह्या नौकेची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. खोल्या 18, प्रवासी 36, मुक्काम 51 दिवसांचा, वाट सुमारे 3,200 किलोमीटर. एवढी ऐटदार नौका, पण तिलाही प्रत्येक काठाला लागता येत नाही. बिहारात छपऱ्याजवळ चिरांदचे प्राचीन अवशेष पाहायला प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले होते. तेव्हा नदीच्या सहलीतले खरे कौशल्य नौका चालवण्यात नसून माणसांना वेळेवर उतरवण्यात आणि वेळेवर परत चढवण्यात आहे, असा सिद्धांत मी मांडला होता. सौ.ने तो दोनदा ऐकला आहे.

पर्यटकांना फिरवणारी एक मोठी होडी ठरली. माणसे अकरा: बायका पाच, पुरुष तीन, मुले तीन. आता होडीवरच्या सोयी. उन्हाला ताडपत्री, बसायला गाद्या, आक्काच्या पाठीला लोड, चढण्याउतरण्यासाठी लाकडी पायरी, मुलांना तरंगती जाकिटे, बर्फाच्या पेटीत शहाळी, दोन थर्मास चहा, लिंबे, ओवा, पत्त्यांचे दोन जोड, जादा चष्मा. किनाऱ्यावर उतरण्याची ठिकाणे तीन. पहिले हडीजवळचा पाणखोल जुवा. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात, आणि ह्या जुव्यावर माडांच्या सावलीत नांदती घरे आहेत. दुसरे मसुरे. तिसरा भगवंतगडाचा काठ. मसुऱ्याचा भरतगड वाडीकर सावंतांचा आणि पलीकडच्या तीरावरचा भगवंतगड बावडेकर पंत अमात्यांचा. दोघांनी खाडीच्या दोन्ही काठांवर एकमेकांकडे डोळे वटारून किती काळ काढला, आणि 1818 मध्ये दोन्ही गड इंग्रजांनी घेतले! हे सर्व मुलांना सांगायचे, असेही एक कलम होते. एकंदर कलमे बत्तीस झाली.

दशमीचा दिवस आणि सकाळी दहाची वेळ लिहून मी कागद तांडेलापुढे ठेवला. त्याने तो उलटसुद्धा करून पाहिला.

"काकानू, दशमेक धा वाजता खय जातलास? तेव्हा सुकती आसतली. होडी चिकलात बसात, आणि तुमी होडयेत."

मग त्याने मला भरतीचे गणित शिकवले. तिथीची पाऊणपट करायची, की त्या दिवशी भरती साधारण किती वाजता पूर्ण होते ते कळते. दशमीला साडेसात. तेथून सहा तास पाणी उतरत जाणार. म्हणजे आम्ही दहाला निघालो तर सारी वाट उतरत्या पाण्याविरुद्ध, आणि दुपारी गाळावर. त्याच्या मते चतुर्थी बरी: तीन वाजता भरती पूर्ण, सकाळी चढत्या पाण्याबरोबर वर जायचे, दुपारी उतरत्या पाण्याबरोबर घरी यायचे. पण वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि अर्ध्या घराचा उपास. उपाशी माणसांची सहल कसली करायची? म्हणून पंचमी ठरली. भरती पावणेचारला. माणसांच्या पोटाचाही विचार झाला म्हणून मला मोठे समाधान वाटले. ह्या वाक्यावर मी पुढे पुष्कळ पस्तावलो आहे.

पंचमीला दहाच्या ठोक्याला होडी सुटली. पायरीवरून आक्का चढली, लोडाला टेकली, सगळे जसेच्या तसे कागदाप्रमाणे. पलीकडे सर्जेकोट मागे पडला. पाणी आत शिरत होते आणि आम्ही त्याच्याबरोबर. तांडेल खाडीचा तळ कोठे बदलला ते दाखवीत होता. वाळूच्या उपशाने काठ ढासळतात अशी इकडच्या लोकांची जुनी तक्रार आहे, आणि मुळे उघडी पडलेले दोन माड त्याने बोटाने दाखवले. मी चहा काढला. बायकांपैकी कोणी घेतला नाही. शहाळे फोडून आक्कापुढे धरले.

"माका नको. मगे बघूया."

दुसरे शहाळे वहिनीपुढे, तिसरे भाचेसुनेपुढे. सगळ्यांचे मगे बघूया. शेवटी तीनही शहाळी आम्ही पुरुषांनी संपवली, आणि मी सौ.ला म्हटलेसुद्धा, की एवढी व्यवस्था करावी तर तुम्हां लोकांना तिची किंमत नाही.

अकराच्या सुमारास आक्काने मान लोडावर टाकली. आधी वाटले डुलकी लागली. मग तिचा हात गादीवरून घसरला. ओठ पांढरे, कोरडे पडलेले. हाक मारली तर डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरेनात. मुलांची गडबड एकदम थांबली. मी ओव्याची पुरचुंडी शोधू लागलो. ती कलम क्रमांक एकोणिसात होती.

भाचेसून पुढे आली, तिने आक्काच्या तोंडावर ओला पदर फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामा, त्यांनी काल संध्याकाळपासून पाणी घेतलेलं नाही. आम्ही कुणीच घेतलेलं नाही."

"का?"

"होडीवर जायचं कुठे?"

बत्तीस कलमांत ते नव्हते. दिवसभराची सहल, पाच बायका, त्यांत एक ऐंशीची, आणि त्यांची सोय कोठे होणार ह्याबद्दल माझ्या कागदावर एक ओळ नव्हती. मला कोणी सांगितले नाही हे खरे. मी विचारले नाही हेही खरे. 'गंगा विलास'च्या कात्रणांतून मी खोल्यांचा आकडा टिपून घेतला होता, तिथल्या व्यायामशाळेचेही कौतुक टिपले होते; प्रत्येक खोलीला तिचे स्वतःचे न्हाणीघर आणि शौचकूप आहे, ह्या वाक्यावरून मात्र नजर घसरली होती.

तांडेलाने काही न विचारता होडी जुव्याकडे वळवली. ओळखीच्या घरासमोर लागला, भाच्याने आणि त्याने आक्काला हातांच्या पाळण्यात उचलून अंगणात नेले. घरातली बाई बाहेर आली. तिने एकदा आक्काकडे, एकदा उरलेल्या चौघींकडे पाहिले. कोणी एक शब्द बोलले नव्हते. मीठसाखरेचे पाणी तिने आधी आक्काच्या ओठांना लावले आणि बाकीच्यांना म्हणाली, "तुमी आधी मागल्या दारी चला गे. मगे पाणी."

अर्ध्या तासाने आक्काच्या तोंडावर रंग आला. तासाभराने तिने पेज मागितली, लोणच्याची फोड मागितली, आणि मग जरा वेळाने तीही त्या बाईच्या खांद्यावर हात टाकून मागल्या दारी जाऊन आली. आम्ही तिघे पुरुष तोवर माडाखाली उभे होतो. आम्हांला कोणी आत बोलावले नाही, ते योग्यच होते.

मी आक्काजवळ जाऊन बसलो. म्हटले, "मला सांगायचं होतंस."

ती हसली. "लग्नादिवशी आवशीन माका सकाळपासून पाणी पिवक दिल्यान नाय. होडयेतसून जावचा हा म्हणान."

त्या होडीत मी होतो. नवरीचा भाऊ म्हणून नव्या टोपीसकट होतो. मला त्या प्रवासाचे काय आठवते? वल्ह्यांचा आवाज आठवतो, शालूत गुंडाळलेली आक्का आठवते. ती रडून दमली म्हणून मान टाकून बसली आहे असे मी समजत होतो. मला तहान लागली तेव्हा तांब्यातून तीनदा पाणी पाजले होते, आणि माझी पुढची सोय होडीच्या कडेवरून, सगळ्यांच्या देखत, हसतखेळत झाली होती. मे महिना होता तो.

मी आक्काला म्हटले, इथूनच परत फिरू. तर ती उठून उभी राहिली. "मसुऱ्याक जाऊचा हा म्हटलंय मा मी?"

गेलो. दीडच्या सुमारास मसुऱ्याला लागलो. मुलांना घेऊन भाचा भरतगड चढून आला. दोन गडांची गोष्ट त्याने त्यांना सांगितली की नाही, मी विचारले नाही. भगवंतगडाचा बेत मी स्वतःच खोडला. आक्का काठावर खुर्ची टाकून बसली होती. ती उतरली ती जागा हीच, की पुढच्या वळणावरची, हे तिला काही केल्या ठरवता येईना. दोनदा तिने खुर्ची हलवायला लावली.

चारनंतर पाणी उतरू लागले तसे आम्हीही निघालो. बर्फाच्या पेटीत एक शहाळे राहिले होते. आक्काने ते आपण होऊन मागून घेतले, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, आणि तांडेलाला म्हणाली, "रे झिला, त्या जुव्यार परत एकदा लाव हां. त्या बायेक सांगान ठेवलंय मी."