आकड्याचा ठावठिकाणा

सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत सकाळी आधी भरतात त्या स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींच्या जागा. पूर्वी त्यांच्यापैकी कुणी महाराष्ट्राची साक्षरता विचारली, की ग्रंथपाल संदर्भ विभागातून राज्याच्या आर्थिक पाहणीचा अंक काढून देत. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं. आता आकडा मोबाइलवरच मिळतो, आणि मुलं टेबलापाशी येतात ती वाद मिटवायला. एकीच्या वहीत ८२.९१ टक्के असतात, दुसऱ्याच्या वहीत ८२.३४.

शिकवण्यासाठी याहून चांगली संधी नाही, कारण दोन्ही आकडे २०११च्या जनगणनेचेच आहेत. मार्च २०११च्या अखेरीस तात्पुरती आकडेवारी जाहीर झाली, तिच्यात राज्याची साक्षरता ८२.९१ टक्के होती. पुढे अंतिम तक्ते आले, त्यांत ती ८२.३४ झाली. लिंग गुणोत्तराचंही तसंच: दर हजार पुरुषांमागे स्त्रिया आधी ९२५, नंतर ९२९. म्हणून ‘बरोबर कोणता?’ याआधी ‘कोणत्या तक्त्यातला?’ हे विचारायची सवय लावावी लागते.

त्यानंतर कागद-पेन पुढे करावं. अंतिम तक्त्यानुसार राज्याची लोकसंख्या साधारण ११ कोटी २४ लाख, साक्षर ८ कोटी १६ लाख. मुलं भागाकार करतात आणि उत्तर येतं ७२.६ टक्के. मग जवळजवळ १० टक्के गेले कुठे? तक्त्याखालची टीप वाचली की उलगडा होतो: साक्षरतेचा दर ७ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचाच काढतात. त्याहून लहान मुलं १ कोटी ३३ लाख. ती वजा करून पुन्हा भागलं की ८२.३ हाती येतात. छेदात कोण धरलंय, हे एकदा स्वतःच्या हातानं शोधलेलं मूल बातमीतली टक्केवारी डोळे झाकून उतरवून घेत नाही.

एआयच्या मुळाशी असलेलं भाषेचं प्रारूप तक्त्यात बघून बोलत नाही. शिकताना पाहिलेल्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द यावा, याचा अंदाज बांधत ते वाक्य रचतं. आता काही साधनं इंटरनेटवर शोधून दुवाही देतात. तरी तो उघडून तक्त्याचं शीर्षक, वर्ष आणि टीप वाचायचं काम माणसाचंच राहतं.

मे २०२५मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतली १० पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. यादी एआयकडून घेऊन न तपासता छापली होती. लेखक मात्र इझाबेल अलेंदेसारखे नामवंत, म्हणून संशय येत नव्हता. आकड्यांच्या बाबतीतही अशीच फसगत होते. ‘जनगणनेनुसार’ एवढं म्हटलं की पुढचं सगळं खरं वाटू लागतं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे तात्पुरते आकडे आधी आले, तर हाच घोळ नव्यानं होईल. तोवर प्रत्येक वाचनालयानं २०११चे तात्पुरते आणि अंतिम तक्ते संदर्भ विभागात शेजारी शेजारी ठेवावेत, जुने अंक रद्दीत घालू नयेत, आणि आठवड्यातला निदान एक तास अभ्यासिकेतल्या मुलांबरोबर भागाकार करण्यासाठी राखून ठेवावा.