वाटीतले तूप, पोटातले जंत

आपल्या परंपरेत कुत्रा येतो तो बहुधा निष्ठेचे प्रतीक होऊन. युधिष्ठिराच्या मागोमाग स्वर्गाच्या वाटेने चालणारा असो, दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेले चार असोत. त्यांच्या पोटापाण्याची विचारपूस फारशी कोठे आढळत नाही. अपवाद नामदेवांच्या कथेचा. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याला बाधू नये म्हणून. वर्गात आम्ही दोघेही ही कथा भूतदयेचे उदाहरण म्हणून सांगत आलो. तिच्यातली पोटाची काळजी किती नेमकी आहे, हे दाभोळला कळले.

वाशिष्ठीच्या मुखाशी असलेल्या या जुन्या बंदरात आमचे वडिलोपार्जित घर आहे. एका पावसाळ्याच्या अखेरीस पडवीच्या पायऱ्यांखाली एक भटकी कुत्री व्याली. तीन आठवडे होतात न होतात तोच पिल्लांची पोटे नगाऱ्यासारखी फुगली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. शेजारच्या आजींनी दृष्ट काढली. पशुवैद्यांनी विष्ठा तपासून जंत असल्याचे सांगितले. चारांतली दोन पिल्ले वाचली. त्यांतले एक आमच्याकडेच वाढले.

तेव्हा कळलेली गोष्ट अस्वस्थ करणारी होती. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात सुप्त राहतात, गाभणकाळात जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लात शिरतात. रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींच्या अळ्या दुधातून उतरतात. म्हणजे ज्या पिल्लाने अजून मातीला तोंडही लावलेले नाही, तेही निर्जंत नसते. म्हणूनच पिल्लाला दोन आठवड्यांचे असताना पहिली मात्रा द्यायची. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी. पिल्लांबरोबर आईलाही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून आधी वजन करायचे.

हा प्रश्न केवळ कुत्र्याचाही नाही. ओलसर, सावलीच्या वाळूत अंकुशकृमींच्या अळ्या वाढतात आणि पुळणीत अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरे वळ उमटवतात. गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मातीच्या हातांनी ती मुलाच्या पोटात गेली, तर अळ्या क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना गोळ्या मिळतात. ती गोळी मुलाच्या पोटातल्या जंतांसाठी. अंगणातली अंडी तिने नाहीशी होत नाहीत. मात्र गोल जंतांची ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांना मातीत दोन-तीन आठवडे तरी लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणे हाही औषधाइतकाच खरा उपाय.

पिसवा आणि गोचिडी यांचे तसेच. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. पिसवा राहिल्या तर जंताचे औषध वाया. गोचिडीची मादी रक्त पिऊन गळून पडते आणि चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत अंडी घालते. तेव्हा कुत्र्याबरोबर भिंतही पाहावी लागते. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची रीत मात्र धोक्याची. कॉलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेतू शकते. याच औषधाचा उगम जपानमधल्या मातीतल्या एका जीवाणूत सापडला आणि त्या संशोधनासाठी २०१५ चे नोबेल दिले गेले. ज्या मातीतून रोग येतो, तिच्यातूनच औषधही येते.

निष्ठेची कथा एकदाच घडते आणि सांगितली जाते. तीन महिन्यांनी पुन्हा येणाऱ्या गोळीची कथा होत नाही. तिच्यात प्रसंग नाही, नाट्य नाही, कुत्र्याची कृतज्ञताही नाही. तो ती थुंकूनच टाकतो. तरीही प्रेम या शब्दाला वर्षातून चारदा पाळावयाची तारीख असू शकते, असे आम्हाला वाटते. नामदेवांच्या वाटीतही, आमच्या मते, तुपाइतकेच ते धावणे होते.