काठमांडूच्या खोऱ्यात

नगरकोट, मुक्कामी.

काठमांडूचे खोरे एके काळी सरोवर होते, मंजुश्रीने खड्गाने चोभारची घळ कापून त्यातील पाणी वाहून जाऊ दिले, आणि त्या जलातील कमळाच्या स्थानी स्वयंभूचा स्तूप उभा राहिला, ही कथा भाविकांची. पण या खोऱ्याच्या तळाशी प्राचीन सरोवराचा गाळ आहे, असे भूगर्भवेत्तेही सांगतात, आणि श्रद्धा व शास्त्र यांचा असा सलोखा मला तरी क्वचितच आढळला आहे.

काल भक्तपूरला न्यातपोलाच्या पायऱ्या चढलो. मल्ल राजा भूपतींद्राच्या कारकिर्दीत, १७०२ साली बांधलेल्या या पाच छपरांच्या मंदिराच्या जोत्यावर पहिलवान, हत्ती, सिंह असे रक्षक जोडीजोडीने बसविले असून, प्रत्येक जोडी खालच्या जोडीहून दसपट बलवान, असा जणू दरबारी दर्जाचा तपशीलच तेथे दगडात नोंदला आहे. १९३४ आणि २०१५ अशा दोन्ही भूकंपांत ही इमारत उभी राहिली, मात्र जवळच्याच दरबार चौकातील वत्सला मंदिर २०१५ मध्ये कोसळले. या निवाड्याचे कारण मला विचारू नये.

आज पहाटे, सुमारे एकवीसशे मीटर उंचीवरील या गावातून, ढग विरळ होताच लांगटांगची शिखरे दिसली. सगरमाथा म्हणून वाटाड्याने क्षितिजावरचा जो कण दाखविला, तो जगातील सर्वोच्च असल्याचे निव्वळ त्याच्या शब्दावर मान्य करावे लागले. शेजारच्या आजीबाईंनी तर ते साफ नाकारून, समोरच्याच भरदार, निनावी शिखराला हात जोडले, आणि मलाही त्यांचीच निवड अधिक पटली.