‘परिणाम नाही’ असं लिहिण्याआधी

टिम८ आणि टिम१३ या दोन छोट्या प्रथिनांना मी एकेकाळी बिनमहत्त्वाचं ठरवलं होतं. तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि घाईचाही.

मायटोकॉन्ड्रियाला हजाराच्या आसपास प्रथिनं लागतात. माणसात त्यांतली फक्त १३ त्याच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. बाकीची पेशीद्रवात तयार होऊन टॉम आणि टिम नावाच्या प्रथिनसंकुलांमधून आत घेतली जातात. टिम८ आणि टिम१३ दोन पटलांमधल्या जागेत असतात आणि टिम२३ला आतल्या पटलापर्यंत सोबत करतात. हे टिम२३ पुढे स्वतःच इतर प्रथिनांचं प्रवेशद्वार होतं.

मी या दोघांची जनुकं काढलेलं यीस्ट ग्लुकोजवर वाढवलं. ते व्यवस्थित वाढलं. मग त्याचे मायटोकॉन्ड्रिया वेगळे करून त्यांत किरणोत्सारी टिम२३ मिसळलं. जेलवर पट्टा दिसला आणि मी वहीत ‘परिणाम नाही’ असं लिहून टाकलं.

त्यात दोन चुका होत्या. बाहेर नुसतं चिकटलेलं प्रथिन पचवून टाकणारं प्रोटिएझ मी घातलं नव्हतं; त्यामुळे पट्ट्यातलं किती टिम२३ खरोखर आत गेलं, हे कळायला मार्गच नव्हता. शिवाय आतल्या पटलाचं विद्युत विभव पूर्ण असतानाच मी तपासलं. विभव कमी झालं की टिम२३ला या जोडीची नितांत गरज भासते, हे २००० सालीच प्रसिद्ध झालं होतं. मी ते वाचलं नव्हतं. प्रोटिएझ घालून, विभव थोडं उतरवून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक स्पष्ट दिसला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माणसातल्या टिम८च्या जनुकातल्या दोषाने मोर-ट्रानेबिएर्ग आजार होतो, हे मला माहीत होतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्यांची श्रवणशक्ती लहानपणीच जाते, पुढे स्नायू अनैच्छिकपणे आखडू लागतात, दृष्टीही मंदावते. तरीही मी यीस्टच्या वाढीवर विसंबलो. ग्लुकोज मिळालं की यीस्ट किण्वनावर निभावून नेतं. मज्जापेशीला तशी सोय नाही.

आज विद्यार्थ्याच्या वहीत ‘परिणाम नाही’ दिसलं, की मी त्यापुढे अटी लिहायला लावतो: कोणत्या अन्नावर, कोणत्या तापमानाला, किती विभव असताना. त्या लिहिल्याशिवाय मी पानावर सही करत नाही.