आबांना मॉरिशसहून

माएबूर, ऑक्टोबर

ती. आबांस,


सुखरूप पोहोचलो. विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवरचं हे बेट, त्यामुळे आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा इथे उन्हाळा चढू लागतो. ऊसतोडणी अजून चालू आहे. किनाऱ्याला सुरूची बनं, परसात नीरफणस आणि मंडईत शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या. आईला सांगा, इथले लोक त्या पाल्याचं पातळ सार करतात आणि ते फार चवदार लागतं.

पोहायला ब्लू बेला गेलो. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. मोठ्या लाटा त्याच्यावरच फुटतात, म्हणून आतल्या पाण्यात आमच्यासारख्या नवख्यांनाही बिनधास्त तरंगता येतं. स्नॉर्केल लावून तोंड पाण्याखाली घातलं आणि सगळ्यात आधी आवाज आला. कुर्र, कुर्र. बघते तर हिरवा-निळा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होता. खरवडलेला चुरा त्याच्या घशातल्या दातांनी दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. मी बघत असतानाच त्याच्या मागे पांढरा धुरळा सुटला. दुपारी ज्या वाळूत पाय पसरून बसलो, तिच्यातली काही याच कारखान्यातून आलेली. नावाड्याने बजावलं होतं की प्रवाळावर उभं राहायचं नाही आणि अंगाला सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालून उतरायचं. दोन्ही पाळलं.

याच किनाऱ्याजवळ २५ जुलै २०२० ला ‘वाकाशियो’ नावाचं मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढे त्यातलं हजारेक टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा गावागावांतली माणसं बाहेर पडली. त्यांनी कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट भरलं आणि तेल अडवायला त्या पाण्यावर सोडल्या. आपल्याकडे शेतात पेटवून देतात तेच पाचट, आबा. हे ऐकल्यापासून या लोकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

एग्रेत बेटावर तुम्ही हवे होतात. जेमतेम २६ हेक्टरचं बेट, होडीने थोड्याच वेळात पोहोचतो. मॉरिशस ज्वालामुखीतून झालेलं, हे मात्र प्रवाळी चुनखडकाचं. किनाऱ्यालगतचं मूळ कोरडं जंगल आता जवळपास इथेच उरलंय. डच लोक १५९८ साली आले. त्यांनी आणि मागून आलेल्यांनी एबनीचं काळं लाकूड तोडून नेलं. डोडो शंभर वर्षांच्या आत संपला. इथली मूळची मोठी कासवंही माणसांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या उंदीर-डुकरांनी संपवली.

पुढची गोष्ट तुम्हाला आवडेल. कासवं गेली तशी एबनीची फळं खाऊन बी लांब नेणारंच कुणी उरलं नाही. फळं झाडाखालीच पडून राहू लागली. तेव्हा मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने अल्डाब्रा जातीची प्रचंड कासवं आणून इथे सोडली. वाटाड्याने आम्हाला कासवाची वाळलेली विष्ठा दाखवली. तिच्यातून एबनीचं रोप वर आलं होतं, दोन पानांचं, बोटभर. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून ते बघत राहिलो. मग झाडीतून एक कासव आलं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता पानं ओरबाडून खाऊ लागलं. आम्ही वाट सोडली.

शामारेल, ऑक्टोबर

ती. आबांस, सा. न.

काल ब्लॅक रिव्हरच्या घळीत दिवसभर चाललो. १९९४ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाची एक सर येऊन गेली होती आणि तांबड्या मातीचा वास थेट आपल्या घाटातला. दरीवर पांढरेशुभ्र पक्षी तरंगत होते, शेपटीला लांबलचक पिसं.

इथला ससाणा दिसला! लहान, गोलसर पंखांचा. झाडीत शिरून पाली पकडतो. १९७४ मध्ये जंगलात असे चारच पक्षी माहीत होते. अंडी उबवून, पिल्लं वाढवून, उंदीर-मुंगूस पकडून पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संख्या शेकड्यांवर नेली. गुलाबी कबूतरही १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरलं होतं, तेही वाचलं. ते एका फांदीवर इतकं निवांत बसलं होतं की दुर्बीण लावायची गरज पडली नाही.

मुंगूस मुद्दाम लिहिलं. ते इथे आपल्या देशातून आणलेलं आहे. साळुंकीही आणि तुमचा लाडका पोपटही. आपल्या पोपटाचा इथला चुलतभाऊ म्हणजे एको पोपट, आणि दोघांना ढोली लागतात त्या त्याच. आपला पोपट वरचढ ठरतो. परसातला गुणी पक्षी परक्या बेटावर दुसऱ्याच्या मुळावर येतो, हे पाहून वाईट वाटलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिनी पेरूची अशी दाटी की खाली मूळच्या झाडाचं रोप तग धरत नाही. उद्यानात काही तुकड्यांना कुंपण घालून कामगार हा पेरू हाताने उपटतात. तिथे आतलं रान वेगळंच दिसतं. मोकळं, अनेक तऱ्हांच्या पानांचं.

आमचे चालक मराठी. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, उसाच्या मजुरीसाठी आलेले. घरी क्रेओल बोलतात, पण गणपतीच्या आरत्या तोंडपाठ आहेत. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते.

ल मोर्न, ऑक्टोबर

ती. आबांस, सा. न.

आज पहाटे ल मोर्न चढलो. ५५६ मीटर उंच, समुद्रातून सरळ उठलेला काळा कडा. सुरुवातीची वाट गाडीरस्त्याइतकी सोपी, नंतर मात्र हातापायांनी खडक धरत जावं लागतं. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपून राहत. म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा ठरवलं. चढताना ते सतत मनात होतं आणि आम्ही फारसं बोललो नाही.

वरून बांधाची पांढरी रेघ, आत फिकट पाणी, बाहेर गडद निळं. पण मी बघत बसले ते एक फूल. लालसर, खाली मान घातलेलं, घंटेच्या आकाराचं. हे मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, रानात फक्त याच डोंगरावर उगवतं. त्याचा मकरंदही लाल असतो. वाटाडा म्हणाला, हिरव्या पाली तो चाटायला येतात आणि परागकण वाहून नेतात.

आबा, एक काम आहे. इथल्या चिनी पेरूसारखी आपल्या देवराईत ओढ्याकडून रानमोडी आत घुसलीय, ती फुलं धरायच्या आत काढायला हवी. मुळासकट उपटावी लागेल, नुसती कापून ती पुन्हा फुटते. पुजारी आणि वाडीतल्या मंडळींना आताच विचारून ठेवा. मी दिवाळीनंतर रजा टाकून येते. कोयते नकोत, दोन टिकाव आणि हातमोजे मागवून ठेवा.

तुमची,
धाकटी